वहीतला मासा आणि जाळ्यातला मासा

काटेकोर

काही वर्षांपूर्वी मासेमारी बोटींची जुनी लॉगबुकं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. कागदी वह्या. जाळ्याच्या प्रत्येक ओढीला एक ओळ: कधी टाकलं, कधी काढलं, कुठे, किती खोलीवर, कुठली मासळी, किती किलो. पहिले दोन आठवडे मी नुसता बडवत होतो. मग आकडे दिसायला लागले. ५००, ५००, ४५०, ५००. शेवटी शून्य नाहीतर पाच. मासा काय पाचाच्या पाढ्यात पोहतो?

त्याहून भारी म्हणजे ,, ही खूण. 'वरीलप्रमाणे' म्हणून आपण शाळेत द्यायचो ती. काही पानांवर पहिल्या ओळीत आकडा आणि खाली पानभर ,, ,, ,,. एकाच शाईत, एकाच तिरकसपणाने. म्हणजे आठवड्याभराचं एका बैठकीत उरकलेलं. उलट एका वहीच्या घडीत सुकलेलं खवलं चिकटून बसलं होतं. त्या पानावर २३७, ६१, ४०८ असे आकडे होते. ते पान मी डोळे मिटून खरं मानलं.

पण खरी गंमत पुढेच. एखाद्या जातीवर पकडीची मर्यादा आली की पुढच्या वहीपासून त्या जातीचा आकडा मर्यादेच्या जरा खाली घुटमळायला लागायचा आणि शेजारचा 'इतर' हा रकाना फुगायचा.

तर माझा प्रश्न. मर्यादा ठरवायला आकडे लागतात. आकडे मासेमार देतो. आणि मर्यादा लागली की खरा आकडा देणं त्याच्याच पोटावर येतं. म्हणजे पुढच्या वर्षीचा कोटा ज्या आकड्यांवर ठरायचा, ते या वर्षीच्या कोट्यानेच नासवलेले. यातून सुटका कशी? ज्यांना काही ठाऊक आहे त्यांनी लिहा. 'मासेमार लबाड असतात' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

शिडवाला

कोटा हवाच कशाला मुळात? जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा ठेवा, विणीच्या दिवसांत बंदी घाला, बास. वह्याच नकोत.

मेघमल्हार

आस मोठा ठेवला की पिल्लं सुटतात हे खरं, पण मोठे सगळे उचलले तर अंडी घालणार कोण?

१८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सलींनी सांगितलं होतं की कॉड, हेरिंग, मॅकरेल यांच्यासारखी मोठी सागरी मासेमारी संपणारी नाही, माणूस पकडून पकडून पकडणार किती! माणूस साधा नव्हता, डार्विनची बाजू लढवणारा शास्त्रज्ञ. आणि तेव्हाच्या शिडाच्या बोटी बघता फार चुकलाही नव्हता (नावावरून चिडवत नाही हो शिडवाला). पुढे इंजिन आलं, नायलॉनचं जाळं आलं, पाण्याखालचा थवा पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं. आता आस कितीही मोठा ठेवा, बोट थव्यावर नेमकी जाऊन बसते.

मात्र नुसती एकूण मर्यादा घालून भागत नाही, तेही बघा. अलास्कात हॅलिबट या चपट्या माशाला तसं केलं होतं. सगळ्यांची मिळून इतकी मासळी, ती भरली की हंगाम बंद. कुणाची किती हे ठरलेलं नाही. मग जो तो आधी पोचायला बघणार. बोटी वाढत गेल्या, हंगाम आखडत गेला आणि १९९० च्या सुमाराला तो वर्षातून दोन-तीन दिवसांवर आला! चोवीस तासांची मुभा उघडली की वादळ असो नसो, निघायचं. गळांच्या दोऱ्या आवरायला वेळ नाही म्हणून तशाच तोडून सोडायच्या, त्या तळाशी मासे मारत राहायच्या. आणि वर्षभराचा मासा एकदम धक्क्यावर. १९९५ मध्ये प्रत्येकाला स्वतःचा वाटा दिला, तेव्हा हंगाम जवळजवळ आठ महिन्यांचा झाला. मासा तोच, समुद्र तोच.

गणित_कच्चं

अडाणी प्रश्न. पाण्यात किती मासे आहेत हेच दिसत नाही तर त्यातले किती पकडायचे हे ठरवतात कसं?

सागरिका

अडाणी अजिबात नाही, सगळं त्यावरच अडलंय. मी तीन हंगाम निरीक्षक म्हणून बोटींवर होते, म्हणून जरा लांबण लावते.

मासे कुणी मोजत नाही. खुणा मोजतात. पहिली खूण वय. माशाच्या डोक्यात कानापाशी चुन्याचा बारीक खडा असतो, ओटोलिथ म्हणतात. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. पकडीत सात-आठ वर्षांचे मासे दिसेनासे झाले आणि सगळे दोन-तीन वर्षांचेच यायला लागले, तर काय चाललंय ते कळतं. दुसरी खूण म्हणजे सरकारी संशोधन बोटीची पाहणी. तीच जागा, तेच जाळं, तेवढाच वेळ, दर वर्षी. मासा मिळो न मिळो. तिसरी खूण व्यापारी बोटींची: तासाभराच्या ओढीला किती मिळालं. काटेकोरांच्या वह्या येतात त्या इथे.

आणि ही तिसरी खूण फार दगाबाज आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडचं हेच झालं. १९६८ मध्ये तिथून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला, बराचसा परदेशी ट्रॉलरनी काढलेला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखून त्यांना बाहेर काढलं, कोटा ठरवला, शास्त्रज्ञ बसवले. कागदावर सगळं चोख. पण कॉडची खोड अशी की संख्या घटली तरी उरलेले दाटीवाटीने एका जागी जमतात. ट्रॉलर तिथेच जाणार. त्यामुळे तासाला मिळणारी मासळी भरभक्कम, वहीत तसंच लिहिलं जाणार, त्यावरून साठा उत्तम असा निष्कर्ष. तिकडे किनाऱ्याजवळ छोट्या बोटीवाले ओरडत होते की मासा कमी आणि बारीक येतोय. त्यांच्याकडे वही नव्हती. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद केली आणि ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं.

काटेकोर, खोट्या नोंदी तिथेही असतीलच. पण घात केला तो खऱ्या नोंदींनी.

काटेकोर

हे डोक्यात आलंच नव्हतं. मी आपला ५०० आणि ४५० मध्ये अडकलेलो.

डबल_एंट्री

पेशाने सीए. मासे कळत नाहीत, वह्या कळतात.

एकाच माणसाने लिहिलेली एकच वही म्हणजे पुरावा नव्हे, ती गोष्ट. बोटीची वही, बंदरावरच्या काट्याची पावती आणि घेणाऱ्याचं बिल, तिन्ही जुळवून बघा. दक्षिण गोलार्धातल्या ब्लूफिन ट्यूनाचं बिंग असंच फुटलं. बोटींनी दाखवलेल्या पकडीशी जपानी बाजारात विकली गेलेली मासळी ताडून पाहिली तर जमेना. २००६ मध्ये बाहेर आलं की जपानची पकड कित्येक वर्षं ठरलेल्या वाट्याच्या वर होती. शिक्षा म्हणून त्यांचा कोटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आणला. समुद्रात पोलीस पाठवायची गरज पडली नाही, लिलावाचे आकडे पुरले.

आता उलटं उदाहरण. स्कॉटलंड, २००२ ते २००५. मॅकरेल आणि हेरिंगच्या बोटी आणि मासळी घेणारे कारखाने यांनी संगनमत केलं. एका कारखान्यात जमिनीखालून नळ टाकलेले, दाखवायच्या काट्याला वळसा घालून मासळी आत जायची. दुसरीकडे लपवलेला खरा काटा वेगळा आणि अधिकाऱ्यांना दाखवायचा वेगळा. ६ कोटी पौंडांहून जास्त किमतीची मासळी अशी मुरली. २०१२ मध्ये दंड झाले. इथे तिन्ही वह्या बिनचूक जुळत होत्या! आमच्यात म्हणतात, ताळेबंद फारच सुंदर जुळला की घाबरायचं.

आणि एक शंका. वजन म्हणजे कुठलं वजन? बर्फासकट? पाणी निथळल्यावर? माल मोजायचं एककच ठरलेलं नसेल तर बाकी चर्चा फोल.

सागरिका

वा, नेमकं दुखतं तिथे बोट. कोटा असतो जिवंत माशाच्या वजनात. बोटीवर कॉड आला की पोट फाडून आतडी काढतात, नाहीतर टिकत नाही. म्हणजे धक्क्यावर वजन होतं ते साफ केलेल्या माशाचं. मग गुणक लावायचा. युरोपीय संघाच्या तक्त्यात आतडी काढलेल्या कॉडला १.१७. आता अंडी भरलेल्या दिवसांत पोटातला ऐवज जास्त आणि विणीनंतर तोच मासा चिपाड. गुणक मात्र बारा महिने १.१७.

शिवाय कप्तान वही भरतो ती अंदाजाने. हलणाऱ्या बोटीवर साधा काटा चालत नाही, पेट्या मोजतात. म्हणून युरोपात अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांत १० टक्के फरक चालवून घेत. फरक चालतो म्हटल्यावर तो नेहमी एकाच बाजूला का पडतो, हे काटेकोर सांगतील.

काटेकोर

:)

उलटा_वारा

सगळे मासेमाराच्या वहीवर घसरलेत. जरा उलटं बघू. ही वही म्हणजे नुसता हिशेब नाही, तो सातबारा आहे.

आइसलँडने १९८४ मध्ये कॉडचे वाटे बोटींना दिले. कशावरून? आधीच्या तीन वर्षांत कुणी किती पकडलं होतं त्यावरून. म्हणजे ज्याने त्या तीन वर्षांत जास्त ओरबाडलं, त्याला कायमचा जास्त हिस्सा, आणि फुकट. जो त्या काळात आजारी होता, ज्याची बोट दुरुस्तीला होती, जो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, तो गेला. १९९० च्या कायद्याने वाटे सरसकट विकता येऊ लागले. मग एखाद्या गावातला बोटमालक वाटा विकून मोकळा झाला की त्या गावासमोर मासा पोहतोय, पण पकडायचा हक्क दुसऱ्या बंदरातल्या कंपनीकडे. दोन मच्छीमार कोटा नसताना मुद्दाम समुद्रात गेले, शिक्षा झाली, आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत पोचलं. २००७ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं: समुद्र राष्ट्राचा म्हणता आणि जुन्या मालकांना कायमचा बहाल करता, हा भेदभाव आहे.

त्यामुळे काटेकोर, खोटी नोंद नेहमी खालच्या बाजूला होते असं समजू नका. कोटा येणार अशी कुणकुण लागली की जो तो फुगवून लिहितो. आज लिहिलेला आकडा उद्याची मालमत्ता.

मेघमल्हार

फुगवण्यावरून आठवलं. नव्वदच्या दशकात जगाची सागरी पकड वाढतेय असं जागतिक आकडेवारीत दिसायचं. २००१ मध्ये वॉटसन आणि पॉली या शास्त्रज्ञांनी दाखवलं की चीनचा आकडा शक्यतेच्या पलीकडचा आहे. तिथे अधिकाऱ्यांची बढती उत्पादन वाढवून दाखवण्यावर, मग उत्पादन वाढणारच. चीनचा आकडा दुरुस्त केला तर जगाची पकड वाढत नव्हती, घटत होती. तिथे कोटा चुकवायचा प्रश्नच नव्हता, साहेबाला खूश करायचं होतं.

शिडवाला

म्हणजे मासेमार कमी लिहितो, अधिकारी जास्त लिहितो. मी म्हटलं तेच, वह्याच नकोत.

वाळूचा_किल्ला

शिडवालांची इतकी थट्टा करू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ही सगळी उदाहरणं थंड समुद्रांतली. तिथे एका जाळ्यात एक-दोन जाती. उष्ण समुद्रात एका ओढीत वीस-पंचवीस जाती निघतात, बोटी छोट्या आणि हजारोंनी, माल उतरतो वाळूवर. तिथे कप्तानाच्या हातात पंचवीस रकान्यांची वही दिलीत तर तो ,, सुद्धा देणार नाही.

थंड समुद्रातही मिसळ झाली की कोटा लटपटतो. हॅडॉकचा वाटा शिल्लक आहे, कॉडचा संपला, आणि दोघे एकाच जाळ्यात येतात. करणार काय? कॉड मेलेला असतानाच परत पाण्यात. वहीत शून्य. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक फेकायलाच बंदी केली. युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ अशी टप्प्याटप्प्याने केली, पण खोल समुद्रात रात्री काय पाण्यात गेलं हे बघायला कोण आहे? आणि बंदी मनापासून पाळली तर कॉड संपल्या दिवशी बोट धक्क्याला बांधायची, हॅडॉकचा वाटा तसाच पडून.

म्हणून काहींनी मासा मोजायचं सोडून दिवस मोजले. उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांनी कोटा वर्ष-दोन वर्षं करून बघितला आणि १९९६ पासून समुद्रात घालवायचे दिवस वाटून दिले. फेकण्यात काही फायदाच उरला नाही. पण दिवस तेवढेच राहिले आणि बोटी ताकदवान होत गेल्या. दिवसाचं वजन वाढत जातं, ते कुठल्या काट्यावर दिसत नाही. प्रशांत महासागरातली छोटी बेटराष्ट्रंसुद्धा मोठ्या ट्यूना बोटींना दिवसच विकतात आणि त्यावर त्यांचा खजिना चालतो. बोटीचा दिवस उपग्रहावरून दिसतो, कप्तानाला विचारावं लागत नाही.

आणि माझं सगळ्यात आवडतं, तुर्कस्तानातलं अलान्या. शंभरेक मासेमार. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी लिहिलंय त्याबद्दल. जाळं टाकायच्या जागांची यादी केली, सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा, मग रोज प्रत्येकाने पूर्वेकडच्या पुढच्या जागेवर सरकायचं. जानेवारीनंतर उलट, पश्चिमेकडे. किती पकडलं याची नोंद कुणीच ठेवत नाही. पण तुझ्या हक्काच्या चांगल्या जागेवर दुसरा दिसला तर तू स्वतःच भांडतोस. राखणदार फुकट.

सागरिका

अलान्या सुंदर आहे, पण त्याने भांडणं मिटली. मासा किती उरला हे त्यातून कळत नाही.

फेकण्याबद्दल मात्र पोटतिडकीने सांगते. पहाटे तीनला डेकवर दिवे, पायाखाली बुळबुळीत, पट्ट्यावरून मासे सरकतायत. मोठा कॉड आला की आधी खाली ठेवलेला मध्यम कॉड बाहेर, कारण मोठ्याला भाव जास्त आणि वाटा तेवढाच. कायद्याने नाही चालत. मी उभी असेपर्यंत कुणी करायचं नाही. मी चार तास झोपायला गेले की उठेपर्यंत पेट्यांतला कॉड वाढलेला असायचा, संख्येने नाही, आकाराने. माझ्या वहीत मी झोपले ते चार तास कोरे आहेत. निरीक्षकाशी वाईट कुणी वागलं नाही, उलट गरम चहा आधी मला. पण एकदा एका खलाशाने सरळ विचारलं, ताई, तुम्ही खरं लिहिलंत तर आमची बोट दोन आठवडे आधी बांधली जाईल, शेजारच्या बोटीवर निरीक्षक नाही, ती चालू राहील. मग खरं लिहायची शिक्षा फक्त आम्हाला का?

मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

डबल_एंट्री

उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. नजर ठेवायची तर एकतर सगळ्या बोटींवर, नाहीतर कुठल्याही बोटीवर कधीही. न्यूझीलंडने गेल्या काही वर्षांत किनाऱ्याजवळच्या व्यापारी बोटींवर कॅमेरे बसवले. कॅमेरे लागल्यावर कप्तानांच्या स्वतःच्या नोंदीत फेकलेली मासळी आणि जाळ्यात अडकलेले समुद्रपक्षी एकदम वाढले. पक्षी वाढले नव्हते हो.

उलटा_वारा

दिवसभर डोक्यावर कॅमेरा घेऊन तुम्ही ऑफिसात ताळेबंद कराल का सीएसाहेब? छोट्या बोटीवर डेक हेच घर असतं.

डबल_एंट्री

नाही करणार. पण मी राष्ट्राच्या मालकीचा ताळेबंद घरी विकायला नेत नाही.

मेघमल्हार

भांडू नका. धाग्याला धरून एक बातमी: न्यूफाउंडलंडची ती कॉडबंदी जून २०२४ मध्ये उठली. ३२ वर्षांनी. कोटा १८,००० टन.

शिडवाला

चला, म्हणजे परत आला मासा! एकदा तरी गोड शेवट.

सागरिका

काही अंशी. पण काटेकोरांना आवडेल अशी गोष्ट त्यात आहे. साठा 'धोक्याच्या' पट्ट्यात आहे की 'सावधगिरीच्या', हे एका रेषेवरून ठरतं. आधीचं गणित १९८३ पासूनच्या आकड्यांवर उभं होतं. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते मागे नेऊन १९५४ पासूनचे आकडे घेतले. नव्या गणितात ती रेषा बरीच खाली आली आणि साठा धोक्याच्या पट्ट्यातून सावधगिरीच्या पट्ट्यात गेला. पाण्यात मासा आदल्या दिवशी होता तेवढाच.

गणित_कच्चं

थांबा, म्हणजे १९५४ च्या वह्यांवरून २०२४ चा कोटा?

सागरिका

फक्त त्यांच्यावरून नाही, पण त्या आहेत त्यात.

काटेकोर

म्हणजे त्या काळच्या नोंदीही कधीतरी कुणीतरी माझ्यासारखंच बसून चढवल्या असणार. ,, आल्यावर त्याने काय टंकलं असेल?

डबल_एंट्री

तुम्ही काय टंकत होता?

काटेकोर

वरचाच आकडा. सूचनाच तशी होती. शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना होता, 'नोंद संशयास्पद' असं त्यात लिहिता आलं असतं. पण रोजच्या पानांचं उद्दिष्ट ठरलेलं होतं आणि शेरा लिहायला लागणारा वेळ त्यात धरलेला नव्हता.